ठसा, माग आणि वाचनाचा हक्क

टांझानियाच्या उत्तर भागात, ओल्डुवाई घळीच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या लेटोली येथे वाळूमातीचा एक लांबट उंचवटा आहे. त्यावर ज्वालामुखीच्या खडकाचे धोंडे रचलेले आहेत. त्याखाली सुमारे २७ मीटर लांबीची एक वाट दडलेली आहे. सुमारे ३६ लाख ६० हजार वर्षांपूर्वी ओल्या ज्वालामुखी राखेवरून दोन पायांवर चालत गेलेल्या प्राण्यांचे जवळजवळ सत्तर ठसे या वाटेवर आहेत. १९७८ मध्ये मेरी लीकी यांच्या पथकाला ही वाट सापडली. त्या व पुढच्या वर्षी तिचे उत्खनन झाले, साचे घेतले गेले, छायाचित्रे निघाली आणि १९७९ मध्ये ती पुन्हा बुजवण्यात आली. १९९५ व १९९६ मध्ये टांझानियाचे पुरातत्त्व खाते आणि गेटी संवर्धन संस्था यांनी ती टप्प्याटप्प्याने उघडली, दुरुस्त केली आणि परत झाकली. मानवाच्या उत्क्रांतीविषयीच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात जिचे चित्र असते, ती ही वाट प्रत्यक्षात कोणाला पाहता येत नाही. संशोधक येतो तोही बहुधा साच्यांपाशी आणि मोजमापांपाशी येतो.

संहिता जपायची तर ती वाचकाच्या दृष्टीआड करावी लागते, हा प्रसंग साहित्याच्या अभ्यासकाला अगदीच अपरिचित नाही. जीर्ण हस्तलिखित पेटीत जाते आणि अभ्यासकाच्या हाती त्याची छायाप्रत पडते. मात्र हस्तलिखित कोणीतरी कोणासाठी तरी लिहिलेले असते. त्याच्या वाचनाचा हक्क, निदान तत्त्वतः, लिहिण्याच्या कृतीतच गृहीत असतो. पावलाच्या ठशाला असे कोणतेही गृहीत नसते. राखेवरून गेलेल्यांनी काही सांगितलेले नाही, आणि म्हणूनच जे सांगितलेले नाही ते वाचण्याचा, त्यासाठी ते उघडे पाडण्याचा आणि उघडे पाडताना त्याच्या नाशाला आरंभ करून देण्याचा अधिकार वाचणाऱ्याला कोठून मिळतो, हा प्रश्न उरतो. लेटोलीच्या संदर्भात तो संवर्धनाच्या तंत्राचा प्रश्न म्हणून चर्चिला गेला. वस्तुतः तो अर्थनिर्णयनाच्या नीतीचा प्रश्न आहे.

मराठीने या क्षेत्रात दोन शब्द वेगळे राखले आहेत, आणि त्यांतील अंतर उपयोगाचे आहे. 'ठसा' ही वस्तू आहे. तो मुद्रेचा असतो, छापखान्यातील चित्राचा असतो, तसा पायाचाही असतो. 'माग' ही वस्तू नव्हे; ठसे एकामागून एक जोडत जाणारा कोणी असेल तरच माग असतो. माग काढावा लागतो, तो लागतो, सुटतो, हरवतो. पेशवाईच्या अखेरच्या आणि कंपनी सरकारच्या आरंभीच्या काळातील दख्खनविषयक नोंदींत गावच्या रखवालदाराचे, बहुधा रामोशाचे, एक कर्तव्य सांगितलेले आढळते. चोरी झाल्यास चोराचा माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवायचा. तो तेथे दाखवला की पुढची जबाबदारी त्या गावाची. माग हा येथे पुरावा तर आहेच, शिवाय तो सोपवता येणारा भारही आहे. ज्या गावाने तो स्वीकारला त्याला तो पुढे तरी न्यावा लागे किंवा नुकसानीला उत्तर तरी द्यावे लागे. या व्यवहारात कोणालाही माग नुसता पाहून सोडून देता येत नसे. प्राचीन ठशांबाबतही कोणी काय पाहिले याच्याइतकेच पाहिल्यावर कोणावर काय येऊन पडले हे महत्त्वाचे ठरते.

पाश्चात्त्य तत्त्वचिंतनात 'ट्रेस' या संकल्पनेला गेल्या काही दशकांत जे वजन आले त्याचा येथे उल्लेख अपरिहार्य आहे. लेव्हिनास याने १९६३ च्या सुमारास मांडले की ट्रेस हा इतर चिन्हांसारखा नाही. चिन्ह देण्याच्या कोणत्याही हेतूबाहेर तो अर्थवान होतो, आणि जो निघून गेला तो त्यातून हाती येत नाही. देरिदाने हीच संकल्पना लेखनाच्या, किंबहुना अर्थाच्याच, मुळाशी नेऊन बसवली. मराठी समीक्षेत ती पोचली तेव्हा तिचे रूपक सैल झाले: सर्वत्र ट्रेस, सर्वत्र अनुपस्थिती. या सैलपणाने एक सोय झाली, ती अशी की सगळ्या अनुपस्थिती सारख्या ठरल्या. सिद्धान्तातल्या ट्रेसला बाभळीची मुळे फुटत नाहीत. लेटोलीच्या ट्रेसला ती फुटली. १९७९ मध्ये ठशांवर जी वाळू पसरली गेली तिच्यात आफ्रिकी बाभळीच्या बिया होत्या. त्या रुजल्या, झाडे वाढली आणि मुळे राखेच्या थरात शिरली. संवर्धकांना १९९० च्या दशकात आधी झाडे मारावी लागली, मग ठशांत शिरलेली मुळे कापून काढावी लागली. ज्या चिन्हाला जाडी आहे, ओल आहे, कीड आहे, त्याच्याविषयी बोलताना 'अनुपस्थिती' या एका शब्दावर भागत नाही.

त्यापेक्षा मज्झिमनिकायातील चूळहत्थिपदोपमसुत्त अधिक उपयोगी पडते. पिलोतिक परिव्राजक जाणुस्सोणि ब्राह्मणाला सांगतो की, हत्तीच्या वनात मोठे पाऊल दिसले म्हणजे मोठा नाग असला पाहिजे असे जाणता येते. तशी आपण तथागताची चार पावले पाहिली आहेत. ब्राह्मण ही उपमा बुद्धाला ऐकवतो. बुद्ध तिची वाखाणणी करीत बसत नाही, तो ती अपुरी आहे असे सांगतो. जाणता माग काढणारा रुंद, लांब पाऊल पाहून थांबत नाही, कारण वनात ठेंगण्या परंतु मोठ्या पायांच्या हत्तिणीही असतात. तो पुढे जातो. उंचावर अंग घासल्याच्या खुणा दिसतात, तरीही तो निष्कर्ष काढीत नाही. उंच हत्तिणीही असतात. सुळ्यांचे ओरखडे दिसतात, मोडलेल्या फांद्या दिसतात, तरीही नाही. प्रत्यक्ष हत्ती झाडाखाली वा मोकळ्यावर दिसतो तेव्हाच तो म्हणतो, हाच तो. न्यायदर्शनाच्या परिभाषेत सांगायचे तर मोठे पाऊल हा सव्यभिचार हेतू आहे: साध्य नसेल तेथेही तो आढळतो. सुत्ताचा रोख अर्थात धर्माच्या प्रतीतीकडे आहे. तथापि वाचनाविषयी त्यात एक काटेकोर शिस्त आहे. निष्कर्ष पुढे ढकलणे म्हणजे निष्कर्ष नाकारणे नव्हे. प्रत्येक खूण मोजायची, आणि ती आणखी कशाची असू शकेल हे विचारून मगच पुढे जायचे.

प्रागैतिहासिक ठशांच्या वाचकाची अडचण ही की त्याला शेवटी हत्ती दिसणार नाही. मागाच्या टोकाला प्रत्यक्ष नाही. मग सुत्तातला संयम कायमचाच पाळावा लागतो, आणि तो पाळणे किती अवघड असते हे लेटोलीच्या वाचनेतिहासावरून दिसते. तेथे एका लहान व्यक्तीच्या वाटेशेजारी मोठ्या पावलांची वाट आहे, आणि त्या मोठ्या पावलांत आणखी एकाने पाय टाकलेले आहेत. एका जागी पावलांची दिशा किंचित बदललेली दिसते. मेरी लीकी यांनी त्यात थांबणे, डावीकडे वळून पाहणे आणि पुन्हा चालू लागणे वाचले, आणि त्या क्षणाच्या मानवी भावनेविषयी लिहिले. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत १९९३ मध्ये या वाटेवरून जो देखावा उभा राहिला त्यात एक नर आणि एक मादी आहे, आणि नराचा हात मादीच्या खांद्याभोवती आहे. राखेत हात उमटलेला नाही. लिंगही उमटलेले नाही. आकार उमटला आहे, आणि आकारावरून लिंग ठरवणे हा त्याच ठेंगण्या हत्तिणीचा प्रश्न आहे. तिसऱ्या व्यक्तीला या देखाव्यात जागाच मिळाली नाही. दोन पायांवर चालणाऱ्या प्राण्यांची ओळ दिसली की तिचे कुटुंब होते, कुटुंबात पुरुष आधार देणारा होतो. ही कादंबरी वाचकाने आपल्या घरून आणलेली आहे.

असे असले तरी या अतिवाचनाची नुसती थट्टा करून भागणार नाही. वाचक काही न आणता मागाकडे येऊच शकत नाही. चालणे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याला टाचेचा खोल दाब आणि अंगठ्याचा सरळपणा यांतून काहीच कळणार नाही. प्रश्न काय आणले याचा आहे. याबाबत दोन उदाहरणे फार बोलकी आहेत.

फ्रान्सच्या पिरेनीज भागातील तुक दोदुबेर या गुहेत मातीचे गवे घडवलेले आहेत. १९१२ मध्ये ती गुहा प्रकाशात आली. गव्यांजवळच्या दालनात केवळ टाचांचे अनेक ठसे आहेत. टाचांवर कोण चालतो? विद्वानांनी दीर्घकाळ उत्तर दिले: विधिनृत्य, कदाचित कुमारांच्या दीक्षेचे. २०१३ मध्ये जर्मन संशोधकांनी नामिबियातील जुहोआन्सी सान समाजाच्या तीन अनुभवी माग काढणाऱ्यांना फ्रान्समधील काही गुहांत नेले. ते आपापसांत आपल्या भाषेत चर्चा करीत, मतभेद मिटेपर्यंत पुन्हा पाहत, आणि मग मत सांगत. त्यांच्या मते ते नृत्य नव्हते. एक प्रौढ पुरुष आणि एक किशोर तेथे होते. खड्ड्यातून माती खणून ते वाहून नेत होते. नृत्य गेले, काम आले. या वाचनाला प्रमाण काय, असे विचारता येते आणि विचारले पाहिजे. अभ्यासकांनी ते आकडेवारीच्या पद्धतींशी ताडून पाहण्याचा प्रयत्नही केला आहे. परंतु पूर्वीच्या वाचनालाही पाहणाऱ्याच्या समजुतीखेरीज प्रमाण नव्हते, हे विसरता कामा नये. ज्यांनी आयुष्यभर मागावर पोट भरले त्यांच्या वाचनावर संशय अधिक आणि ज्यांनी गुहेत धर्म शोधला त्यांच्यावर कमी, हे विद्याव्यवहाराचे तारतम्य स्वतःच वाचण्यासारखे आहे. कार्लो गिन्झबुर्ग याने १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात शिकाऱ्याला कथनाचा आदिपुरुष मानले होते. त्या निबंधात शिकारी भूतकाळात राहतो. नामिबियाहून आलेले तिघे वर्तमानात उभे होते आणि त्यांना नावे होती.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या विलांड्रा सरोवर प्रदेशातील. तेथे २००३ मध्ये एका मुट्ठी मुट्ठी स्त्रीला सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीचे ठसे दिसले. पुढे शेकडो उघडे झाले. एका ओळीत केवळ उजव्या पायाचे ठसे होते. मध्य ऑस्ट्रेलियातून बोलावलेल्या पिंटुपी जाणकारांनी ही एका पायाच्या माणसाची, लंगडी घालत वेगाने गेलेल्याची वाट आहे असे सांगितले. त्यानंतर संबंधित आदिवासी समाजांच्या सहभागाने हे ठसे वाळूखाली झाकण्यात आले. झाकण्याचा निर्णय येथे बाहेरच्या संशोधकांनी समाजाच्या वतीने घेतला नाही. लेटोलीपेक्षा ही परिस्थिती वेगळी आहे, आणि त्या वेगळेपणाकडे पुढे परत यावे लागेल.

त्याआधी जनावरांविषयी. लेटोलीच्या राखेवर हत्ती, जिराफ, गेंडे, तीन खुरांचे घोडे, ससे, गिनी कोंबड्या अशा हजारो पावलांची गर्दी आहे. दोन पायांवर चालणाऱ्यांचे ठसे त्यात मूठभर. धोंड्यांचे पांघरूण मिळाले ते या मूठभरांना. इतरांपैकी बहुतेकांना ऊन, पाऊस आणि गुरांचे खूर यांच्या हवाली राहावे लागले. जतनाची साधने मर्यादित असतात हे खरे, परंतु या निवडीमागे एक वाचन आहे आणि ते वाचन चुकू शकते. १९७६ मध्ये लेटोलीच्याच दुसऱ्या एका स्थळी, 'ए' या स्थळी, पाच सलग ठसे सापडले होते. १९८० च्या दशकात ते अस्वलाचे असावेत असे मत पुढे आले आणि ते चर्चेबाहेर पडले. २०१९ मध्ये ते पुन्हा शोधून साफ करण्यात आले, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ते दोन पायांवर चालणाऱ्या, मानवाच्या कुळातल्याच, कदाचित वेगळ्याच जातीच्या प्राण्याचे आहेत असे प्रतिपादन केले. मधल्या चाळीस वर्षांत त्यांना कोणी झाकले नव्हते. पावसाने वाहून आलेल्या गाळाने ते झाकले होते. अस्वल म्हणून वाचले गेल्याने ते जपण्याच्या योग्यतेचे उरले नाहीत, आणि माणसाच्या कुळातले म्हणून वाचले जाताच योग्य झाले. दरम्यान ठशात काहीही बदललेले नव्हते. एखादी संहिता 'वाङ्मयीन' नाही असे ठरल्यामुळे कपाटाबाहेर पडते आणि पुढे कधीतरी ती वाङ्मयीन ठरते तेव्हा तिची पाने वाळवीने खाल्लेली असतात, हा अनुभव मराठी वाङ्मयेतिहासकाराला नवा नाही. त्यातून एवढे तरी निघते की जतन हे केवळ स्वीकृत वाचनावर अवलंबून ठेवणे धोक्याचे आहे. अस्वलाच्या ठशालाही अस्वलाचा ठसा म्हणून काही देणे लागते की नाही, हा प्रश्न त्याहून अवघड आहे, आणि संवर्धनाच्या चर्चेत तो क्वचितच विचारला जातो.

जतन म्हणजे प्रत्यक्ष वस्तूचे जतन, असे मानले तर इंग्लंडच्या नॉरफक किनाऱ्यावरील हेझबरोचे काय करायचे? तेथे मे २०१३ मध्ये समुद्राने वाळू वाहून नेली आणि साडेआठ ते साडेनऊ लाख वर्षांपूर्वीच्या चिखलात सुमारे पन्नास खड्डे दिसले. त्यांत मोठ्यांची आणि मुलांची पावले होती. झाकणे शक्य नव्हते. भरतीओहोटीच्या फटीत, पावसात साचणारे पाणी काढत, अभ्यासकांनी छायाचित्रे घेतली आणि त्यांवरून संगणकावर त्रिमिती आकृती तयार केली. सुमारे दोन आठवड्यांत समुद्राने ठसे पुसून टाकले. उरली ती प्रत. ज्या लाटेने ते दाखवले तिनेच ते नेले, त्यामुळे येथे उघडे पाडण्याचा दोष कोणावर येत नाही. तथापि प्रत पुरेशी आहे असेही म्हणता येत नाही. प्रतीला तेवढेच विचारता येते जेवढे ती घेताना विचारायला सुचले होते. लेटोलीच्या १९७९ च्या साच्यांत नसलेल्या गोष्टी १९९० च्या दशकात प्रत्यक्ष पृष्ठभागावरून टिपता आल्या, कारण पृष्ठभाग शिल्लक होता.

वस्तू नसताना जपण्याचा एक प्रकार मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळातच आढळतो. महानुभावांची 'स्थानपोथी' चक्रधरांचा वावर झालेल्या जागांची नोंद करते: कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेच्या दाराशी आसन झाले, कोठे वसती झाली. मातीवरचे पाऊल केव्हाच गेलेले आहे. चरणांकित जागा मात्र शब्दांत इतक्या नेमकेपणाने ठेवली आहे की तेथे जाऊन उभे राहता यावे. ही श्रद्धेची कृती आहे आणि तिची तुलना विज्ञानाच्या नोंदीशी सरसकट करू नये. पण तिच्यात एक समज आहे: ठसा जातो, स्थान राहते, आणि स्थानाशी बांधलेली नोंद ही तोलामोलाची वस्तू असते. उलट, जागेपासून तोडलेला उत्तम साचा हा नुसताच आकार असतो. लेटोलीचे ठसे कापून संग्रहालयात न्यावेत असा विचार एके काळी मांडला गेला होता; तो मागे पडला हे चांगलेच झाले.

आता झाकण्याचा प्रश्न. १९९६ नंतर लेटोलीच्या ठशांवर चाळलेली, बीजरहित केलेली वाळू, पाणी झिरपू देणारे कापड, मुळांना अटकाव करणारा थर आणि वर धोंडे आहेत. स्थानिक मसाई समाजाला या कामात सामील करून घेण्यात आले. त्यांच्या धर्मप्रमुखाच्या उपस्थितीत विधीही झाला. तांत्रिक दृष्टीने याहून चांगले काही करता आले असते असे दिसत नाही. तरीही २००० नंतर टांझानियातूनच मागणी झाली की वाट उघडावी आणि तिच्यावर संग्रहालय उभारावे. या मागणीला पर्यटनाच्या उत्पन्नाचे कारण चिकटवून ती बाजूला सारणे सोपे आहे. तिचा गाभा वेगळा आहे. ठसे झाकले गेले तेव्हा ते सर्वांपासून सारखेच झाकले गेले नाहीत. ज्यांच्याकडे मोजमापे, साचे, छायाचित्रे आणि नियतकालिके होती त्यांच्यासाठी ते उघडेच राहिले. ज्यांच्या भूमीत ते होते त्यांना उंचवटा मिळाला. वाचन एकदा करून घेऊन संहिता मिटवली आणि वाचकांची यादीही त्याबरोबर मिटवली, असा हा आक्षेप आहे. तो रास्त आहे.

यावर उत्तर ठसे उघडण्यात नाही. उघडलेली वाट उष्णकटिबंधातील पावसात आणि उन्हात, कितीही मोठ्या छपराखाली, झिजत राहील. आजच्या पिढीच्या वाचनासाठी पुढच्या प्रत्येक वाचनाचा बळी देण्याचा हक्क मसाईंना नाही, टांझानियाच्या शासनाला नाही, अमेरिकी संस्थांनाही नाही. परंतु झाकणे न्याय्य ठरायचे असेल तर पहिल्या वाचनाची सामग्री तितकीच खुली हवी, तीही भूमीच्या लोकांना प्रथम. ओल्डुवाईच्या संग्रहालयातील प्रतिकृती ही त्या दिशेची सुरुवात आहे, एवढेच. विलांड्रात झाकणे कमी खुपते त्याचे कारण तेथील वाळू वेगळी आहे असे नाही. कोण झाकते आहे आणि ठशांचे बोलणे कोणी सांगितले, हे तेथे वेगळे आहे.

२०१५ मध्ये लेटोलीच्याच परिसरात, जुन्या वाटेपासून सुमारे १५० मीटरवर, दोन व्यक्तींचे आणखी ठसे सापडले. त्यांतील एक व्यक्ती पूर्वीच्या कोणाहीपेक्षा बरीच उंच असावी असे टांझानियन आणि इटालियन अभ्यासकांनी २०१६ मध्ये मांडले. ही उंच व्यक्ती नर, म्हणून हा एक नर आणि त्याच्या अनेक माद्या, असे कुटुंबाचे आणखी एक चित्र लगेच सुचवले गेले. जुन्या उंचवट्याचे काम मात्र वेगळ्या प्रकारचे आहे आणि त्याविषयी लेख लिहिले जात नाहीत. धोंड्यांच्या फटींत वाऱ्याने माती येते, मातीत बाभळीचे बी पडते, आणि रोप मूळ धरण्याआधी कोणीतरी तेथे चालत जाऊन ते उपटावे लागते.